कोठीमागचं स्वातंत्र्य

१ जानेवारी, गुरुवार

गेल्या ऑगस्टनंतर या वहीत एक अक्षर लिहिलं नाही, त्याबद्दल माफी. कोणाची माफी मागतोय ते ठरवता आलं नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही आणि मी स्वतःवर रागावलेलो नाही. तरी मागून ठेवतो. शेवटची नोंद आहे, 'उद्यापासून रोज चालायला जाणे.' चालायला गेलो नाही, त्यामुळे लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

नव्या वर्षाचा संकल्प एकच. घरचा राउटर मुक्त करणे.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी हौस म्हणायला नको. माधुरीला कल्याणच्या एका सीएच्या ऑफिसातून मेल आलाय. हिशेबाचं काम. तीन दिवस घरून, दोन दिवस कल्याणला जाऊन. मुलाखत व्हिडिओवर, शनिवारी १७ तारखेला. लग्नाआधी एम. कॉम. झालेली बाई. आमची लेक राही पुण्याला शिकायला गेल्यापासून तिला घर खायला उठतं. हा अर्ज तिने कोणाला न विचारता केला. मेथी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "हे झालं तर झालं. नाहीतर मी परत कुठे अर्ज करायची नाही."

अडचण अशी. पुढच्या खोलीत टीव्ही आणि आई. दोघंही दिवसभर चालू. शांतता फक्त मागच्या खोलीत, आणि तिथे नेट पोचत नाही. राउटर मधल्या खोलीत, तांदळाच्या कोठीमागे स्टुलावर आहे, कारण प्लग तिथे आहे. मागच्या खोलीत एक काडी दिसते, तीही दाराला टेकून उभं राहिलं तर.

माधुरी म्हणाली, "अहो, तो डबा कोठीमागून काढून वर फळीवर ठेवू या का? वायर पुरेल."

मी शांतपणे समजावलं. राउटर कुठे आहे हा प्रश्न नसतो. त्याच्या आत काय आहे हा प्रश्न असतो. आत असतो फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या पोटातला कायमचा प्रोग्रॅम. तो कंपनीने घातलेला आहे, कंपनीच्या सोयीचा. जगभरच्या भल्या माणसांनी त्याला फुकट आणि खुले पर्याय लिहून ठेवले आहेत. कंपनीचा काढायचा, आपला घालायचा. यंत्राचं खरं बळ मग बाहेर येतं.

ती "बरं" म्हणाली. तिच्या 'बरं'चे बरेच प्रकार आहेत. हा कोणता ते कळलं नाही.

माझं घर, माझी वीज, आणि डब्यावर सत्ता मात्र परक्या कंपनीची. चालणार नाही.

३ जानेवारी, शनिवार

मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा सुरू झाली. सासऱ्यांचा मुरबाडहून फोन. "जावय, यंदा तरी या. बैल बगू, घोंगडी घेऊ, दोन दिस रहा." अभ्यास आहे म्हणून सांगितलं. "या वयात कसला?" असं त्यांनी विचारलं. फर्मवेअर म्हटल्यावर त्यांनी माधुरीला फोन द्यायला सांगितला.

उमेदवार तीन.

ओपनडब्ल्यूआरटी: सर्वांत मोकळा. हवा तो भाग जोडा, नको तो काढा. पण बरंच काही आपल्याआपण करावं लागतं.

डीडी-डब्ल्यूआरटी: जुना, सगळं बटणांवर आणि मेन्यूंवर. जुन्या यंत्रांनाही सांभाळून घेतो.

टोमॅटो: दिसायला देखणा, आलेख छान. पण तो मोजक्याच चिपवर चालतो. माझी चिप त्यात आहे का ते पाहायचंय.

घरात मत घेतलं. लोकशाही. आई म्हणाली, "डीडी घे. डीडी आपला अँटेन्यावर फुकट दिसायचा, केबलवाल्याचं तोंड बगाय लागत नव्हतं." तो डीडी वेगळा, असं सांगितलं. मग ओपन म्हणजे काय, विचारलं. उघडा, सगळ्यांसाठी. आई म्हणाली, "आन् मंग चोर आला म्हंजे?" टोमॅटोबद्दल सासऱ्यांचं मत फोनवरूनच आलं होतं. यंदा टोमॅटोच्या वाटेला जाऊ नका, बाजार पडलाय.

माधुरीने मत दिलं नाही. ती मुलाखतीला काय विचारतात त्याचे व्हिडिओ पाहत होती. दाराला टेकून, उभ्याने.

५ जानेवारी, सोमवार

राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचं तर पासवर्ड हवा. तो कान्हाकडे. कान्हा आमचा नेटवाला. खांद्यावर केबलचं वेटोळं, मोटरसायकलवर शिडी. तीन वर्षांपूर्वी राउटर त्याने जोडून दिला तेव्हापासून किल्ली त्याच्याकडे. आमच्या वाय-फायचं नावसुद्धा त्याने ठेवलेलं, 'कान्हा नेट'. माझ्या घरात.

आज फोन करून ताठ स्वरात पासवर्ड मागितला. वाद होईल या तयारीने दोन मुद्दे कागदावर लिहून ठेवले होते.

तो म्हणाला, "एडमिन."

मी म्हटलं, एडमिन तू आहेस ते माहीत आहे, पासवर्ड सांग.

"सर, पासवर्डच एडमिन हाय. नाव बी एडमिन."

तीन वर्षं मी पारतंत्र्यात होतो आणि किल्ली दाराला लटकत होती. मुद्द्यांचा कागद फाडला. फोन ठेवताना त्याने विचारलं, "नेट चालतंय ना सर? मंग कशाला उकरताय?"

याच वृत्तीमुळे देश मागे राहतो.

७ जानेवारी, बुधवार

आज कॉलेजात अकरावीचं प्रॅक्टिकल. प्रयोगशाळा सहायक म्हणून माझं काम साहित्य मांडायचं, पण सर रजेवर होते म्हणून प्रयोग मीच करून दाखवला. माझा आवडता प्रयोग. मोबाइल स्टीलच्या डब्यात ठेवायचा, झाकण घट्ट लावायचं आणि दुसऱ्या फोनवरून त्याला रिंग द्यायची. रिंग वाजत नाही. झाकण उघडलं की वाजते. मुलं खूश. फळ्यावर लिहून दिलं: धातूच्या पत्र्यातून रेडिओ लहरी पार जात नाहीत. म्हटलं, हे एक वाक्य जन्मभर लक्षात ठेवा.

शिकवताना मी वेगळाच माणूस असतो. माधुरीने हे पाहायला हवं.

घरी आल्यावर मागच्या खोलीत नेट तपासलं. एक काडी. कंपनीचा निषेध.

९ जानेवारी, शुक्रवार

निवड झाली. सोपी नव्हती. काल डीडी ठरला होता, परवा टोमॅटो. टोमॅटो माझ्या चिपवर बसत नाही असं कळलं. वाईट वाटलं, पण सासरे खूश होतील. मग मी दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे विचार केला. सोय हवी की मोकळीक? सोय पाहिली असती तर मी आजवर कितीतरी ठिकाणी पोचलो असतो. ओपनडब्ल्यूआरटी.

मी हट्टी आहे का, हाही विचार केला. नाही.

फाइल कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उतरवली. सरकारी साधनाचा खासगी वापर. मनाला लागलं. पण फाइल सर्व मानवजातीसाठी मुक्त आहे आणि कॉलेजही मानवजातीतच येतं, म्हणून सोडून दिलं.

एकाच मॉडेलचे निरनिराळे अवतार असतात आणि प्रत्येकाची फाइल वेगळी. आपला कुठला ते राउटरच्या पोटाखाली लेबलवर छापलेलं असतं. राउटर उलटा केला. लेबलवर हळद-कुंकू. आईने दसऱ्याला मिक्सर, शिलाई मशीन आणि राउटर यांची पूजा केली होती. वरच्या बाजूला दिवे लुकलुकतात, तिथे बोट लावायला तिला भीती वाटली, म्हणून पोटाला लावलं. भक्तिभावाने लावलेलं दिसतं, कारण वाळून घट्ट झालंय. तरी अक्षरं लागली: V, आणि पुढे एक उभी रेघ. म्हणजे १. पहिला अवतार. पुसून खात्री करावी असं मनात आलं, पण देवाधर्माचं आहे, आईला विचारल्याशिवाय पुसणं बरं नाही. आई झोपली होती.

अवतार पहिला. नक्की.

११ जानेवारी, रविवार, दुपार

मुहूर्त. माधुरीने विचारलं, "शनिवारनंतर केलं तर नाही का चालणार?" मी म्हटलं, हे सगळं शनिवारसाठीच आहे. मागच्या खोलीत खुर्चीमागे माझी भौतिकशास्त्राची पुस्तकं लावून ठेवली. पाठीमागे पुस्तकं दिसली की समोरच्यावर छाप पडते. ती त्या पुस्तकांकडे पाहत उभी होती.

एडमिन, एडमिन. आत शिरलो. फाइल दिली. राउटरने नाकारली. 'ही फाइल या यंत्राची नाही.'

कंपनी दुसरं काय म्हणणार? तुरुंगाधिकारी कधी स्वतःहून दार उघडतो का?

दुसरा मार्ग वाचून ठेवला होता. राउटर बंद करायचा, मागचं बारकं बटण टाचणीने दाबून धरायचं आणि तसाच चालू करायचा. मग तो अर्धवट झोपेत शेजारच्या कॉम्प्युटरकडे फाइल मागतो आणि मिळेल ती गिळतो. काही विचारत नाही.

गिळली.

त्याच दिवशी, संध्याकाळ

सगळे दिवे एकदम लागले. मग सगळे गेले. आता एकच दिवा, सावकाश उघडमीट करतोय.

कदाचित आत काम चालू असेल. हात लावू नये.

१२ जानेवारी, सोमवार

दिवा तसाच. वाय-फाय नाही. कान्हाचं नावही गेलं, हा एक फायदा.

घरात मोबाइलचं नेट धड येत नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तर येतं. तिथे उभा राहून वाचलं. या अवस्थेला इंग्रजीत 'ब्रिक', म्हणजे वीट, म्हणतात. फाइल चुकली की यंत्राची वीट होते. निर्जीव, चौकोनी, निरुपयोगी.

खाली येऊन माधुरीला खरं ते सांगितलं. माझ्या स्वभावात लपवाछपवी नाही. राउटरची तात्पुरती वीट झाली आहे. ती पोळ्या लाटत राहिली. आईने मात्र तासाभरात मुरबाडला फोन केला. मला पुढच्या खोलीतून ऐकू आलं. "आवो, आमच्या आदेशनं घरात वीट पाडली!" पलीकडे सासरे. त्यांची वडिलोपार्जित वीटभट्टी आहे, त्यामुळे त्यांना विषयात गोडी वाटली. किती पाडल्या, माती कुठली, असं बरंच विचारत होते.

१३ जानेवारी, मंगळवार

कॉलेजातून आलो तर राउटर नाही. स्टूल रिकामं. वायर लोंबतेय.

संशय सरळ कान्हावर गेला. पुरावा नष्ट करायला तो येऊन गेला असणार. कोणाबद्दल असा विचार करणं योग्य आहे का, हे स्वतःला विचारलं आणि तरी केला. आईला विचारलं तर म्हणाली, "कोन नाय आला. मी ठेवलाय बरा होयाला."

कुठे?

कोठीत. तांदळात. शेजारच्या मीनाचा मोबाइल पाण्यात पडला होता, तो दोन दिवस तांदळात ठेवला तर चालू झाला. त्यामुळे आईने राउटर तांदळात हातभर खोल पुरला होता. मी हात घालून काढला. तो पाण्यात पडलेला नाही, असं सांगितलं. आई म्हणाली, "मंग दुखनं काय हाय त्याचं?"

 रात्री जेवताना भात जरा गुलाबी होता. आईचं म्हणणं, कुंकू लागलं, अक्षता झाल्या, टाकायचे नाहीत.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

सासरे तीळगूळ घेऊन आले. बसायच्या आधी म्हणाले, "बगू वीट."

दिली. त्यांनी हातावर तोलली. बोटाच्या पेराने टकटक वाजवली, कानाशी नेली. "आवाज नाय. कच्ची हाय."

मी म्हटलं, म्हणजे?

"भाजल्याली वीट वाजते. ही कच्ची. कच्ची आसल तं बरा, भिजवायची, परत माती, परत साच्यात. भाजली का मंग काय नाय, पायरीला लावायची."

हसलो. मग गच्चीवर टाकीपाशी जाऊन तपासलं. जगभरच्या जाणकारांतही हाच भेद आहे. कच्ची वीट परत येते, पक्की येत नाही. खाली येऊन त्यांना हे सांगितलं नाही. आधीच चढून बसले होते. जाताना आईला म्हणाले, "नाव आदेश, आन् डबा बी आयकत नाय." आई हसली. दोघं तीळगूळ खाऊन गोड बोलत होते, माझ्याबद्दल.

१५ जानेवारी, गुरुवार

ही नोंद लिहावी की नाही याचा विचार केला. लिहितो.

दुपारी कान्हा दारात. हातात दुसरा राउटर. "वैनींनी बोलावलाय. दोन मिन्टाचा काम. शनवारचा काय तरी हाय ना त्यांचा?" माधुरी बाजारात गेली होती. मी म्हटलं, गरज नाही. काम अंतिम टप्प्यात आहे.

"सर, नुसता लावून ठेवतो. तुमचा जाला का काढा."

मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे.

तो म्हणाला, "बरं सर." मोटरसायकलला लाथ मारली आणि गेला. त्याचं 'बरं' मला कळलं.

माधुरी आली. मी स्वतःहून सांगितलं, कारण खोटं बोलणं मला जमत नाही. तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि पिशवीतलं एकेक काढून लावत राहिली. सगळं लावून झाल्यावर म्हणाली, "मी उद्या मुरबाडला जाते. भट्टीच्या ऑफिसात नेट आहे."

मी म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत नक्की होईल.

"होऊ दे. आईंना तुमच्या हातचं चालतं. भाजी चिरून ठेवते."

मी चुकलो का? कान्हाला परत पाठवण्यात चूक होती. तत्त्वात नव्हती.

१६ जानेवारी, शुक्रवार

माधुरी सकाळच्या एसटीने गेली. साडी प्लास्टिकच्या पिशवीत, वर इस्त्री मोडू नये म्हणून वर्तमानपत्र. स्टँडवर तिला म्हटलं, मागे पुस्तकं असायला हवीत, निदान एखादं कपाट तरी. तिने मान हलवली. गाडी निघताना खिडकीतून म्हणाली, "गॅस बघा."

दुपारी तीन प्रयत्न. दिवा तसाच. पहिल्या अवताराची फाइल पुन्हा पुन्हा दिली. गिळतो आणि झोपतो.

१७ जानेवारी, शनिवार

तिचा फोन येईपर्यंत टाकीशी उभा. आईने खालून दोनदा विचारलं, "पडलास का रे वरून?"

फोन आला. मुलाखत झाली. तिच्या सांगण्यावरून लिहितो. भट्टीचं ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, भिंत म्हणून कच्च्या विटांची थप्पी. ऐनवेळी सासऱ्यांचा कुत्रा आत आला. समोर कल्याणच्या दोन बायका. पहिलाच प्रश्न, "तुमच्या मागे हे काय आहे?" माझ्या मनात आलं, संपलं. पुस्तकं असती तर ही वेळ आली नसती.

माधुरी त्यांना म्हणाली, "वडिलांची वीटभट्टी. हिशेब मीच बघते."

मग म्हणे पुढचा सगळा वेळ त्यांनी भट्टीचंच विचारलं. फुटलेल्या विटा कुठे धरता, जीएसटी कसा लावता, गेल्या वर्षीची थप्पी या वर्षाच्या खात्यात कशी आणता. ती सांगत गेली. एकीने शेवटी विचारलं, इतकी वर्षं हे करताय तर अर्जात का नाही लिहिलंत? माधुरी म्हणाली, ते नोकरीत धरतात हे माहीत नव्हतं.

मी म्हटलं, मलाही माहीत नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस.

ती म्हणाली, "अहो, दर रविवारी दुपारी तुमच्यासमोर बसूनच तर बोलते बाबांशी."

मला त्या माहेरच्या गप्पा वाटायच्या. त्यात आकडे बरेच असायचे हे आता आठवतं.

१९ जानेवारी, सोमवार

माधुरी परत आली आणि तासाभरात कान्हाने दुसरा राउटर लावला. त्याच स्टुलावर, कोठीमागे. मी कॉलेजात होतो. वाय-फायचं नाव पुन्हा 'कान्हा नेट'. मी त्यावर काही बोललो नाही, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

संध्याकाळी मागच्या खोलीत तपासलं. एक काडी! माधुरीला मुद्दाम बोलावून दाखवलं. राउटर वेगळा, काडी तेवढीच. यावरून सिद्ध काय होतं? दोष सगळ्याच कंपन्यांच्या फर्मवेअरमध्ये आहे. ती दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती, मग माझ्या खांद्यावरून मधल्या खोलीकडे.  

२१ जानेवारी, बुधवार

निवड झाली. तिची.

२ फेब्रुवारीपासून काम सुरू. मेल तिने मला वाचायला दिला आणि मी वाचत असताना माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. अभिनंदन म्हटलं. हात पुढे केला. नवराबायकोने हस्तांदोलन करणं विचित्र वाटतं, पण आता ती नोकरदार आहे. आईने कोठीतल्या लाल तांदळांतले चार तिच्या डोक्यावर टाकले. "बग, अक्षता कामाला आल्या का नाय?"

रात्री माधुरी म्हणाली, सोमवार, बुधवार, शुक्रवार मागची खोली तिची. नेट तिथे पाहिजे. "कसं करायचं ते तुम्ही करा. पण दोन तारखेच्या आत. नाहीतर मी करते."

'नाहीतर मी करते.' हे आव्हान समजावं. स्वीकारलं.

२४ जानेवारी, शनिवार

वीट उलटी करून पाहिली. कुंकू गेलंय. तांदळात घासून लेबल स्वच्छ. V, आणि पुढे इंग्रजी 4.

उभी रेघ होती ती चारची. बाकीचा चार आईने लावलेल्या कुंकवाखाली होता.

इतके दिवस मी पहिल्या अवताराचं अन्न चौथ्याला भरवत होतो. राउटर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, ही फाइल माझी नाही. तेव्हा त्याला तुरुंगाधिकारी म्हटलं होतं. शब्द मागे घेतो. निदान त्या दिवसापुरता.

आईला लेबल दाखवलं. ती म्हणाली, "मी बोलली व्हती ना, तांदळानं बरा व्हईल."

२५ जानेवारी, रविवार

चौथ्याची फाइल. टाचणी, बटण, वीज. गिळली. दिवा लुकलुकला, थांबला, मग एक एक करून सगळे लागले. कच्चीच होती! सासऱ्यांना फोन करावा असं वाटलं. केला नाही.

वाय-फाय मात्र कुठेच दिसेना. पुन्हा वीट?  मग वाचलं: या फर्मवेअरमध्ये वाय-फाय मुळात बंदच असतं, मालकाने आपल्या हाताने चालू करायचं. कोणी काही आपोआप करून देत नाही. याला म्हणतात स्वातंत्र्य. उद्याची तारीख पाहून चालू करणं उद्यावर ठेवलं.

२६ जानेवारी, सोमवार

कॉलेजात झेंडावंदन करून आलो आणि कपडे न बदलता बसलो. वाय-फाय चालू केलं. देश विचारला. वेगळा देश सांगितला तर लहरींचा जोर वाढवता येतो असं काही लोक लिहितात. खोटा देश सांगायचा? आणि आजच्या दिवशी? भारत निवडला, ताठ मानेने. वाय-फायला नाव दिलं 'स्वराज्य'. कान्हाचा डबा काढून पिशवीत घातला, माझा स्टुलावर ठेवला. आई, माधुरी दोघींना बोलावलं. आईने कुंकवाचा करंडा आणला होता, तो दूर ठेवायला लावला.

पुढच्या खोलीत पूर्ण काड्या. जिंकलो. लॅपटॉप हातात धरून तिघांची मिरवणूक मागच्या खोलीकडे निघाली.

मधली खोली. पूर्ण काड्या. कोठी ओलांडली.

मागची खोली. एक काडी.

दाराला टेकलो. एक काडी. खुर्चीत बसलो, माझ्या पुस्तकांसमोर. तीही गेली.

 लॅपटॉप घेऊन कोठीच्या अलीकडे, राउटरच्या बाजूला आलो, पूर्ण. त्या बाजूला गेलो, एक. पुन्हा आलो, पुन्हा गेलो. आईला वाटलं काही विधी आहे, ती हात जोडून उभी राहिली. मी कोठीवर टिचकी मारली. खणखणीत वाजली. पत्रा. आत गच्च भरलेले तांदूळ, वर घट्ट झाकण. सात तारखेला अकरावीच्या मुलांना फळ्यावर लिहून दिलेलं वाक्य आठवलं. जन्मभर लक्षात ठेवा म्हटलं होतं.

माधुरी फळीकडे पाहत होती. फळी रिकामी होती. झटकलेलीही होती.

एक तारखेची नोंद पुन्हा वाचली. पान फाडावं असं मनात आलं. फाडलं नाही. मी माघार घेतलेली नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. फर्मवेअरची निवड योग्यच होती.

उद्या: कोठी सरकवणे.